बाळाच्या लंगोटाचं कापड कुठे गेलं?

माझ्या भाचीने मोबाइलवर एक यादी पाठवली. पीयूएल कापड दोन मीटर, मायक्रोफ्लीस एक मीटर, टेरी, स्नॅप बटणं, अर्धा इंची इलॅस्टिक. खाली एक ओळ होती : "खाला, तुम्ही शाळेतून येताना नव्या पेठेवरून येता ना, जरा बघता का?"

तिचं बाळ तेव्हा दीड महिन्याचं होतं. डायपरने त्याच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले होते. भाची चट्ट्यांबद्दल बोलत होती, पण दुसरं कारणही मला माहीत होतं. एका डायपरला साधारण दहा रुपये, दिवसाला चार-पाच, म्हणजे महिन्याचे दीड हजार. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो. ज्या घरात पगार मोजून येतो तिथे दीड हजार ही किरकोळ रक्कम नसते. म्हणून तिने मोबाइलवर व्हिडिओ बघून धुऊन परत वापरायचे लंगोट घरीच शिवायचं ठरवलं. आपाकडे शिलाई मशीन होतंच.

मी म्हटलं, हे सोलापूर आहे. इथे कापड नाही मिळणार तर कुठे मिळणार?

तीन दिवस फिरले. इलॅस्टिक पहिल्याच दुकानात मिळालं. आमच्या शहरात गणवेश शिवायचा मोठा धंदा आहे, त्यामुळे बटणं, चेन, इलॅस्टिक, नाड्या यांना तोटा नाही. स्नॅप बटण म्हटल्यावर दुकानदाराने टिचबटणांची डबी पुढे केली, धातूची, जुन्या परकरांना असायची तशी. प्लॅस्टिकची हवी असतील तर बसवायचं यंत्र वेगळं घ्यावं लागेल म्हणाला. पीयूएल हे नाव मात्र कुणालाच कळेना. एकाने रेक्झिन दाखवलं, दुसऱ्याने रेनकोटचं कापड, तिसऱ्याने टेबलावर घालायचं मेणकापड, त्यावर सफरचंदं छापलेली. चौथा म्हणाला, "मॅडम, दवाखान्याचं सामान मिळतं तिथे मॅकिंटॉश मागा."

हा शब्द मी माझ्या बाळंतपणात ऐकला होता. नर्सबाई आयाला ओरडून सांगायच्या, मॅकिंटॉश बदला. मला तेव्हा तो एखाद्या डॉक्टरांचा आडनाव-बिडनाव वाटला होता. तो होता खरा माणूसच. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 साली कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालून पाणी न झिरपणारं कापड करण्याचं पेटंट घेतलं. तिकडे त्याचे रेनकोट झाले. आपल्याकडे त्यांचं नाव सरकारी दवाखान्यातल्या लाल-तपकिरी रबरी चादरीला चिकटून राहिलं. ती चादर मी हातात घेऊन पाहिली. बाळाच्या खाली अंथरायला ठीक, कमरेला बांधायला नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

शेवटी गेले चाटी गल्लीत. मराठीत 'चाटी' म्हणजे कापड विकणारा. हा शब्द आता बोलण्यातून गेलाय, गल्लीच्या नावात तेवढा उरलाय. तिथल्या एका वयस्कर दुकानदारांनी माझी यादी शांतपणे ऐकून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाई, एवढं सगळं कशाला? घरात एखादं जुनं सुती पातळ नाही का?"

मी नाही म्हणाले. घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच नव्हतं. ज्या गावात दीडशे वर्षं कापड विणलं जातंय, तिथल्या माझ्या घरात बाळाच्या लंगोटापुरतंही जुनं सुती कापड नव्हतं. हे कसं झालं?

आधी शब्दांबद्दल थोडं, कारण मी भाषेची शिक्षिका आहे आणि हा मोह मला आवरत नाही. मराठीत बाळोतं, दुपटं, लंगोट. उर्दूत पोतडा. उर्दूत जन्मजात श्रीमंताला 'पोतडों का रईस' म्हणतात, म्हणजे लंगोटात होता तेव्हापासूनचा अमीर. इंग्रजीतला डायपर हा शब्द मुळात बाळाचा नाहीच. बारीक शंकरपाळ्यांची वीण असलेल्या एका कापडाचं ते नाव. ते कापड पुढे बाळांना बांधू लागले आणि कापडाचं नाव त्या वस्तूला मिळालं. नॅपी म्हणजे नॅपकिनचं लाडाचं रूप. आपल्या कापडांचेही शब्द असेच देशोदेशी फिरलेत. मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडल्या गेलेल्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत डंगरी आलं, आणि त्यांचं लाँगक्लॉथ आपल्याकडे येऊन लांकलाट झालं.

या सगळ्या शब्दांमधून एक गोष्ट दिसते. बाळासाठी म्हणून वेगळं कापड कुणी विणत नव्हतं. ते घरातल्याच कुठल्या तरी कापडातून निघायचं. बाळंतविड्यात झबली-टोपडी नवी येत, दुपटी नवी येत. लंगोट मात्र जुन्याचे.

माझी नानी सुती पातळ नेसायची. आमच्याकडच्या त्या पिढीच्या बहुतेक मुसलमान बायका साडीच नेसत, सलवार-कमीज नंतर आली. वर्षाला दोन पातळं. एक नेसायचं, एक धुवायचं. तीन-चार वर्षांत ते इतकं विरायचं की अंगठ्यातून ओढलं तर निघेल. मग नानी त्याचे काठ कापून ठेवायची, त्यांच्या नाड्या व्हायच्या. मधला भाग हाताने टरकावायचा, कात्री लावायची नाही, कारण फाडलं की कापड सुताच्या रेषेत सरळ फाटतं. त्याचे लंगोट. नानांची लुंगी विरली की तिची दुपटी, कारण ती जरा जाड. लंगोट मऊ होत होत विटले की गोधडीच्या पोटात जायचे. गोधडी फाटली की चुलीजवळचं पोतेरं. शेवटची चिंधी कंदिलाची काच पुसायला. बोहारीण दारात यायची तेव्हा तिला जरीचे, रेशमाचे कपडे दाखवले जायचे. सुती कापड तिच्यापर्यंत पोचेपर्यंत उरायचंच नाही.

जन्मलेल्या बाळाला छटीपर्यंत कोरं कापड घालायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. हिंदू शेजारणींकडेही साधारण तेच. मी लहानपणी याला नजर लागू नये म्हणून केलेला प्रकार समजत होते. तोही भाग असेल. पण त्यामागे कापडाची समज होती. कापसाच्या धाग्यावर निसर्गतःच मेणासारखा पातळ थर असतो. त्यात मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात. म्हणून कोरं कापड कडक असतं आणि पाणी चटकन पीत नाही. कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकून बघा, तो मोत्यासारखा बसून राहतो. तेच कापड शंभर वेळा धुतलं, नेसलं, उन्हात वाळवलं की मेण जातं, खळ जाते, आणि ते थेंब दिसताक्षणी पिऊन टाकतं. म्हणजे नानीने तीन वर्षं पातळ नेसणं हाच लंगोट तयार करण्याचा कारखाना होता.

ही पातळं यायची कुठून? सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली सुरू झाली. मोरारजी गोकुळदास यांनी ती काढली, आणि तेव्हा 1876 ते 78चा भयंकर दुष्काळ चालू होता. गावोगावची उपाशी माणसं कामासाठी शहरात येत होती. पुढे आणखी गिरण्या आल्या, भोंग्यांवर शहर जागं होऊ लागलं. तेलुगू पद्मशाली घरांमधून हातमाग होते, मग यंत्रमाग आले. माझे नाना गिरणीत होते. अम्मी सांगते, गिरणीत डाग पडलेलं, तुकड्यात निघालेलं कापड कामगारांना स्वस्तात मिळायचं. मोठ्या तुकड्याला फेंट म्हणत, लहानाला चिंधी. तिच्या पाठच्या दोन भावांना नानीने फेंटांचे लंगोट केले होते, कारण त्या वर्षी घरात जुनं काही उरलं नव्हतं. आधी ते आठवडाभर भिजवून, चुन्याच्या पाण्यात नाही हं, साध्या सोड्याच्या पाण्यात उकळून घेतले होते. हे 'चुन्याच्या नाही' अम्मी दर वेळी बजावून सांगते, कुणी तरी कधी तरी ती चूक केली असावी.

कापडाची चणचण नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला कापड लागत होतं, बाजारात भाव भडकले, आणि 1943मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द तेव्हाचा. पुढे 1976मध्ये केंद्र सरकारने जनता कापड योजना आणली. हातमागावरची साधी सुती साडी, धोतर, लुंगी, सवलतीच्या दरात. गरीब घरात सुती कापड पोचवायचं आणि विणकराच्या हाताला काम द्यायचं, असे दोन्ही हेतू होते. नानीची शेवटची दोन-तीन पातळं जनता साडीचीच होती. काठ अगदी बारीक, रंग दोन धुण्यांत उतरलेला. ती नाक मुरडायची, पण नेसायची.

मग 1982 उजाडलं. हे माझ्या जन्माचं वर्ष म्हणून मला कायमचं लक्षात आहे, पण कापडाच्या इतिहासात त्याचं महत्त्व माझ्यापेक्षा फार जास्त आहे. त्या वर्षी 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यानंतर मुंबईच्या अनेक गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. आणि त्याच वर्षी, मुंबईपासून फार लांब नाही, रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. या दोन घटनांनी एकमेकींना घडवलं असं मी म्हणत नाही. पण एकीकडे सुती कापडाची जुनी व्यवस्था मोडत होती आणि दुसरीकडे तेलापासून काढलेला धागा स्वस्त होऊ लागला होता. 1985च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. सुरतेच्या साड्या आल्या.

त्या साड्या अम्मीला किती आवडल्या होत्या, हे मला आठवतं. इस्त्री नको, खळ नको, बादलीतून काढली की तासाभरात वाळते, रंग जात नाही, फाटत नाही. गिरणीच्या चाळीत एका खोलीत सात माणसांचे कपडे वाळवणाऱ्या बाईला ही केवढी सोय होती! सुती कापडाच्या आठवणीने आज जे गहिवरून लिहितात, त्यांनी बहुधा ते पिळलेलं नसतं. मी अम्मीला दोष देणार नाही. पण त्या साडीत एक गोष्ट नव्हती. ती पाणी पीत नव्हती. दहा वर्षं नेसली तरी तिचा लंगोट होत नव्हता, गोधडी झाली तर ती घसरत होती. सुती पातळ घरातून गेलं, तेव्हा त्याच्यामागून निघणारी ती सगळी साखळी गेली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तेव्हा घरात बाळ नव्हतं.

बाळ आलं तेव्हा दुकानात दुसरी सोय हजर होती. तिचाही इतिहास आहे. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाई बाळाचे ओले लंगोट आणि अंथरुणं बदलून कंटाळल्या, तेव्हा त्यांनी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापून लंगोटावर घालायचं आवरण शिवलं. त्याला 1951 साली पेटंट मिळालं. (मी रेनकोटचं कापड चाचपत उभी होते, तेव्हा मला हे माहीत असतं तर दुकानदारापुढे एवढा संकोच वाटला नसता.) 1961मध्ये पॅम्पर्स बाजारात आलं. 1980च्या दशकात डायपरच्या पोटात एक पांढरी पूड आली, जी आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी ओढून जेली करते. त्यामुळे डायपर पातळ झाला आणि रात्रभर टिकू लागला. आपल्याकडे 1990च्या दशकात पुण्याजवळ हगीजचं उत्पादन सुरू झालं. ते नाव ऐकून नानी इतकी हसली होती की तिला पाणी द्यावं लागलं. "नाव तरी खरं ठेवलं त्यांनी," म्हणाली.

माझ्या मुलीच्या वेळी, 2008मध्ये, मी दिवसा लंगोट आणि बाहेर जाताना डायपर अशी वाटणी केली होती. नोकरी नवी होती. आणि नमाजचाही प्रश्न होता, त्याबद्दल पुरुष फारसे लिहीत नाहीत म्हणून इथे लिहिते. बाळ मांडीवर ओलं झालं की कपडे नापाक. मग ते बदला, पाय धुवा, परत वजू. नानी खुंटीला नमाजचे पाक कपडे वेगळे टांगून ठेवायची. लंगोट तीनदा धुऊन तीनदा पिळायची, तिसऱ्या पिळण्यानंतर बोटाने झटकून थेंब पडतो का बघायची. आम्ही हनफी. कोकणातल्या माझ्या एका सहकारी शिक्षिका शाफई आहेत. त्यांच्याकडे फक्त दूध पिणाऱ्या मुलाच्या लघवीवर पाणी शिंपडलं तरी पुरतं. मला त्यांचा हेवा वाटायचा. मग त्या म्हणाल्या, "मला मुलगीच आहे गं," कारण ही सवलत मुलीला नाही. अशा वेळी डायपर बांधलेलं बाळ मांडीवर घेऊन निश्चिंत बसता येणं, याला आईच्या दिवसात किती किंमत असते, हे मला माहीत आहे.

आता परत यादीकडे.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला सोबत घेऊन विजापूर वेशीकडे गेले. तिथल्या एका दुकानात मी विचारलं, शंभर टक्के सुती, पांढरं, बिनाखळीचं काही आहे का? दुकानदार तरुण होता. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "लठ्ठा है ना आपा. हमेशा रहता." आणि त्याने ठाण काढून फळीवर आपटलं. चांगलं कापड होतं. वीण घट्ट नाही, हाताला थंड. मी मापाचा हिशेब करू लागले. भाचीने माझा हात दाबला. हळूच म्हणाली, "नक्को खाला. चलो."

बाहेर आल्यावर मला उलगडलं. ते कफनाचं ठाण होतं. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. मयत कधी होईल सांगता येत नाही, म्हणून आमच्या मोहल्ल्यात हे एकच सुती कापड असं आहे की जे कुठल्याही वेळी, रात्री दार ठोठावलं तरी मिळतं. पॉलिएस्टरला तिथे शिरता आलं नाही. बाजाराने जिवंत माणसांच्या अंगावरचं सुती कापड काढून घेतलं, मयताचं राहू दिलं.

मी शिकलेली बाई. बदशगुनीला आपल्या धर्मात जागा नाही, हे मी वर्गात मुलांना सांगते. ठाणावर असतं तोवर ते फक्त कापड असतं, हेही मला कळतं. पण दीड महिन्याच्या बाळाच्या आईशी फुटपाथवर उभं राहून वाद घालणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही हाताला तो थंडपणा नंतर बराच वेळ जाणवत राहिला.

टेरीचा प्रश्न जावयाने सोडवला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. हे टेरी मुळात तुर्कस्तानच्या हमामातलं, म्हणून तर जुने दुकानदार अजून टर्किश टॉवेल म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये ते यंत्रावर विणायची युक्ती निघाली. मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एक ताठ, तो जमीन धरतो. दुसरा सैल सोडलेला, त्याच्या सुताचे ठोक्यासरशी फासे उभे राहतात. त्या फाशांमुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त सूत बसतं, आणि जितकं सूत तितकं पाणी. बाळाच्या लंगोटाच्या पोटात घालायला याच्यासारखी वस्तू नाही. आणि आमचा जावई दिवसभर याच टॉवेलांवरचे डाग आणि निसटलेले फासे शोधत बसतो! बाजूला काढलेला सेकंड माल अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत किलोवर मिळतो. त्याने दोन किलो आणला. इतके दिवस याच्या मनात हे का आलं नाही, असं आपाने विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही बांबू टेरी म्हणत होतात, मला वाटलं ते काही तरी वेगळं असतं."

नव्या टॉवेलाला मऊपणासाठी रसायन लावलेलं असतं, त्यामुळे तोही सुरुवातीला पाणी पीत नाही. भाचीने ते तुकडे सहा वेळा गरम पाण्यात धुतले. प्रत्येक वेळी वर थेंब टाकून बघायची. चौथ्या धुण्यापर्यंत थेंब घरंगळत होता, सहाव्याला जिरला. आतल्या थराला चाटी गल्लीतल्या त्याच वयस्कर दुकानदारांकडून मलमल आणली. त्यांनी अर्धा मीटर जास्त फाडून दिली, पैसे घेतले नाहीत. बाहेरच्या थराचं पीयूएल कापड गावात मिळालंच नाही. तयार आवरणं दोन मागवली, ऑनलाइन. बाकी वेळ नुसते नाड्यांचे तिकोनी लंगोट. नानीच्या काळी बाहेरचा थर नव्हताच. बाळ ओलं झालं की लगेच कळायचं आणि लगेच बदललं जायचं. चट्टे न उठण्याचं निम्मं कारण तेच असणार.

हे सगळं चाललेलं अम्मी खाटेवरून बघत होती. एका संध्याकाळी तिने मला पेटीची किल्ली दिली. तळाशी नानीचं एक पातळ होतं. जनता साडीचंच, फिकट मोरपंखी. नानी गेली त्याला वीस वर्षं झाली, आणि मला वाटत होतं तिचं काहीच उरलं नाही. "हे घे फाडायला," अम्मी म्हणाली. मी म्हटलं, राहू दे अम्मी, कापड आणलंय आता. तिने ऐकलं नाही. स्वतः उठून घडी उलगडली. उलगडतानाच ते घडीच्या रेषांवर उकललं, आवाजही न करता. खळ न काढता घालून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत सूत कुजलं होतं. अम्मी बराच वेळ दोन बोटांत तो काठ धरून बसली. मग म्हणाली, "नेसायला पाहिजे होतं मी हे."

मधल्या भागातून पाच तुकडे निघाले, उन्हात धरले तर पलीकडचं दिसतं इतके पातळ. एकाचाही लंगोट झाला नाही. बाळाचं तोंड पुसायला ठेवलेत.

धुण्याचं गणित मात्र अजून बसलेलं नाही. उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. दिवसाला पंधरा लंगोट, तीन पाण्यांतून काढायचे, म्हणजे किती बादल्या, हे भाचीने वहीत लिहून ठेवलंय. पाणी आलं की पहिले दोन दिवस लंगोट, पुढे पिंप तळाला गेलं की डायपर. म्हणजे महिन्याचा दीड हजारांचा खर्च साधारण निम्म्याच्या आसपास आला. वापरलेला डायपर ती कागदात गुंडाळून वेगळा ठेवते. 2016च्या घनकचरा नियमांत तसं सांगितलेलं होतं, आणि कंपन्यांनी त्यासाठी पिशवी द्यावी असंही. तिच्या पाकिटात पिशवी नसते. कचरागाडीवरच्या बाईंनी पहिल्या दिवशी ते पुडकं हातात घेऊन विचारलं होतं, "यात काय?" सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं केलं. बाकीच्यांचे उघडेच येतात, आम्हीच निवडतो." बाळाचे चट्टे दहा-बारा दिवसांत गेले.

परवा शाळेतून येताना चाटी गल्लीतून गेले. त्या दुकानदारांनी हाक मारून विचारलं, बाळ कसं आहे. मग म्हणाले, ते तिकोनी लंगोट कसे कापले त्याचा कागद मिळेल का, त्यांच्या सुनेला सातवा महिना चाललाय. मी भाचीकडून वर्तमानपत्रावर कापून घेतलाय. उद्या नेऊन देणार आहे.